टायर मोठे घातले आणि डिझेलचा हिशेब चुकला

वाचकाचं पत्र

माझी २०१९ ची सहा चाकी टेम्पोगाडी आहे. भिवंडीच्या गोदामांतून माल भरून वाशी, तळोजा आणि आठवड्यातून एक-दोनदा पुणे अशा फेऱ्या होतात. गणपतीच्या आधी टायर गोटा झाले म्हणून सगळे बदलले. आधी ७.५०-१६ होते. टायरवाला म्हणाला, ८.२५-१६ घाला, गाडी उंच बसेल आणि भारही जास्त झेलेल. म्हणून तेच घातले. तेव्हापासून अ‍ॅव्हरेज ८ वरून साडेसातवर आलंय. महिन्याला मीटरवर चार हजार किलोमीटर पडतात, म्हणजे तीस-बत्तीस लिटर डिझेल कुठे जातं ते कळत नाही. त्यात ६० ची मर्यादा असलेल्या रस्त्यावर ६४ च्या वेगाचं चलन आलं. आमचे ड्रायव्हर वडिलांच्या वेळेपासून आहेत, मी त्यांना काका म्हणतो. ते सांगतात, काटा साठाच्या जरासा पुढे होता, त्याहून जास्त नाही. दोन महिने मी त्यांच्या पगारातून डिझेलचे पैसे कापले. आता ते कामापुरतंच बोलतात. एक मेकॅनिक म्हणतो मीटर बदला, दुसरा म्हणतो वायरमध्ये डबी लावून काटा बरोबर करून देतो. काय करू?
— एक गाडीमालक, घाटकोपर

उत्तर

नमस्कार.

तुमच्या पत्रात अ‍ॅव्हरेज, चलन आणि काकांची नाराजी अशा तीन गोष्टी आहेत. तिन्हींचं मूळ एकच, आणि ते तुम्ही स्वतःच लिहिलंय: ७.५० काढून ८.२५ घातले (पहिला आकडा टायरची रुंदी, पुढचा १६ हा रिमचा व्यास, दोन्ही इंचांत). गाडी न बघता मी शपथेवर काही सांगू शकत नाही, पण तुमचे आकडे टायरच्या फरकाशी इतके जुळतात की चोरीचा संशय घ्यायला मला तरी जागा दिसत नाही. म्हणून मीटरच्या आधी हिशेबच मांडतो. तो पटला की पुढचं सगळं सोपं आहे.

तुमच्या गाडीचं मीटर रस्ता मोजत नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या बाजूला एक सेन्सर असतो. आतला शाफ्ट फिरला की तो ठोके पाठवतो. अमुक इतके ठोके म्हणजे एक किलोमीटर, हे प्रमाण कंपनीने कारखान्यातच ठरवलेलं असतं, आणि ते ठरवताना ७.५०-१६ चं चाक धरलेलं असतं. तुम्ही चाक बदललंत, प्रमाण मात्र जुनंच राहिलं.

७.५०-१६ टायरचा व्यास साधारण ८०५ ते ८१० मिलिमीटर असतो, ८.२५-१६ चा ८५५ ते ८६५. कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं. भार घेतल्यावर टायर खाली जरासा दबतो, तो दाब धरला तर जुनं चाक एका फेऱ्यात सुमारे २ मीटर ४६ सेंटिमीटर जायचं, नवं जातं सुमारे २ मीटर ६२ सेंटिमीटर. म्हणजे पूर्वी एका किलोमीटरला ४०६ च्या आसपास फेरे व्हायचे. आता ३८१ फेऱ्यांतच किलोमीटर होतो. पण मीटर ४०६ फेऱ्यांची वाट बघत बसतं आणि मगच एक आकडा पुढे सरकवतं. तेवढ्यात गाडी १,०६५ मीटर गेलेली असते. फरक पडला सहा ते साडेसहा टक्के.

आता तुमचा महिना घ्या. मीटरवर ४,००० किलोमीटर दिसले तेव्हा गाडी प्रत्यक्षात ४,२६० च्या जवळपास धावली. अ‍ॅव्हरेज खरोखर ८ चंच राहिलं असेल तर त्याला डिझेल लागणार ५३२ लिटर. तुम्ही मीटरच्या ४,००० ला ८ ने भागून ५०० लिटरची अपेक्षा ठेवलीत. वरचे ३२ लिटर तुम्हाला गायब झालेले दिसले. आणि ४,००० ला ५३२ ने भागलं की येतं साडेसात. तुम्ही पत्रात हाच आकडा लिहिलाय. डिझेल गाडीनेच जाळलं, फक्त ज्या २६० किलोमीटरसाठी जाळलं ते मीटरवर चढलेच नाहीत.

कागदावरच्या या हिशेबावर थांबू नका, स्वतः मोजा. जुन्या मापाची स्टेपनी अजून गाडीखाली लटकत असेल तर काम अगदी सोपं आहे. स्टेपनी काढा, तिच्यात पूर्ण हवा भरा, आणि टायरच्या नक्षीच्या बरोबर मधोमध एक सुतळी गुंडाळून टोकं जिथे जुळतात तिथे पेनाने खूण करा. मग पुढचं एक चाक जॅकवर उचलून काढा आणि त्यालाही तशीच सुतळी गुंडाळा. दोन्ही सुतळ्या जमिनीवर शेजारी ताणून धरल्या की फरक डोळ्यांनाच दिसेल, पंधरा-सोळा सेंटिमीटरच्या आसपास असणार. मोठीच्या लांबीला लहानीच्या लांबीने भागा, १.०६ च्या आसपास उत्तर येईल. तुमच्या गाडीचा खरा गुणक तो, माझा नव्हे. स्टेपनी फार झिजलेली असेल तर मात्र हा आकडा जरा फुगेल, ते लक्षात ठेवा.

दुसरी खात्री रस्त्यावर करा. पुण्याची फेरी असेल तेव्हा एक्स्प्रेस वेवरच्या किलोमीटरच्या पाट्या वापरा. कुठेही थांबायचं नाही, लेन बदलायची नाही. एका पाटीशी मीटरचा आकडा लिहून घ्या, दहा किलोमीटर पुढच्या पाटीशी पुन्हा लिहा. शेजारी बसलेल्या माणसाने लिहायचं, काकांनी फक्त गाडी चालवायची. दहा किलोमीटरला मीटर ९.४ च्या आसपास दाखवील. मीटरवर किलोमीटरचा दहावा भाग दिसत नसेल तर अंतर वाढवून पन्नास किलोमीटरचं धरा. गाडीला जीपीएस ट्रॅकर बसवलेला असेल, आणि माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या आग्रहामुळे हल्ली बऱ्याच गाड्यांना असतो, तर एवढीही मेहनत नको. ट्रॅकरचं अंतर उपग्रहावरून येतं, त्याला टायरशी घेणंदेणं नाही. गणपतीपासूनच्या सगळ्या महिन्यांचे रिपोर्ट काढा आणि मीटरच्या किलोमीटरशेजारी मांडा. अर्ध्या तासात सोक्षमोक्ष लागेल.

काट्याची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. कंपनीतून येणारा काटा बहुतेक वेळा खऱ्या वेगापेक्षा थोडा पुढे ठेवलेला असतो, कारण काट्याने जास्त दाखवलं तर चालतं, खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवता कामा नये, असं तत्त्व असतं. किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यांना ही सवलत नसते. म्हणून मीटरमध्ये सहा टक्क्यांची घट आली तरी काट्यात तेवढीच दिसेल असं नाही, तीन-चार टक्केही दिसू शकते. मोबाइलमध्ये जीपीएसवर वेग दाखवणारं कुठलंही अ‍ॅप घ्या, सपाट सरळ रस्त्यावर काटा आधी ४० वर, मग ५० वर, मग ६० वर अर्धा-अर्धा मिनिट स्थिर ठेवा आणि मोबाइलवरचा आकडा शेजारच्याने लिहावा. वेग वाढवताना किंवा ब्रेक दाबताना घेतलेला आकडा धरू नका, जीपीएस क्षणभर मागे राहतं. भाताण किंवा मडपच्या बोगद्यात तर ते बंदच पडतं. मोबाइल नकोच असेल तर हातातलं घड्याळ पुरतं: खऱ्या ६० च्या वेगाला एक किलोमीटर ६० सेकंदांत होतो, ५० ला ७२ सेकंदांत, ४० ला ९० सेकंदांत.

चलनाचा उलगडाही यातच आहे. काटा साठाच्या जरा पुढे आणि कॅमेऱ्यात ६४, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. काका जे सांगत होते ते खरं होतं. चलन मात्र भरा. वेग खरोखरच जास्त होता, आणि मीटर चुकीचं होतं हे सांगून सुटका होत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८३ मध्ये हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड मालवाहू वाहनाला २,००० ते ४,००० रुपये दंड आहे, आणि दुसऱ्यांदा सापडल्यास लायसन्स जप्त होऊ शकतं. ते लायसन्स काकांचं असतं. चुकीच्या मीटरची गाडी दुसऱ्याच्या हातात देताना मालकाने एवढा विचार करायलाच हवा. दंड तुम्ही भरा, त्यांच्याकडून घेऊ नका.

मीटर दुरुस्त होईपर्यंत डॅशबोर्डवर एक कागद चिकटवा: मर्यादा ६० असेल तर काटा ५५ वर, ८० असेल तर ७४ वर. घाटात जी पाटी असेल तिच्याही खाली तीन-चार. आणि ही गोष्ट काकांना स्वतः समजावून सांगा, नुसता कागद चिकटवून निघून जाऊ नका.

आता दुरुस्तीकडे येऊ. मीटर बदला म्हणणाऱ्याचं ऐकू नका. तुमचं मीटर बिघडलेलंच नाही. नवं आणून बसवलंत तरी त्याला येणारे ठोके तेच असतील आणि चूकही तीच राहील. वर जुन्या किलोमीटरची नोंद गेल्यामुळे पुढे गाडी विकताना गिऱ्हाईक संशय घेईल, ते वेगळंच.

सगळ्यात आधी जा अधिकृत सर्व्हिस सेंटरला. २०१९ च्या गाडीत बऱ्याचदा टायरचं माप किंवा किलोमीटरमागे किती ठोके हा आकडा कंपनीच्या स्कॅनरने बदलता येतो. काउंटरवर 'मीटर खराब आहे' असं सांगू नका, नाहीतर मीटर बदलायचं एस्टिमेट हातात येईल. सांगा की टायरचं माप ७.५०-१६ वरून ८.२५-१६ झालंय, स्पीडच्या सिग्नलचं कॅलिब्रेशन नव्या मापाला करायचंय. त्याच चेसिसवर कंपनी ८.२५-१६ देत असेल तर त्यांच्याकडे आकडा तयार असतो आणि काम लवकर होतं. देत नसेल तर ते नाही म्हणण्याची शक्यता आहे, आणि त्या नकाराला कारण असतं. त्याकडे पुढे येतो. काम झालं तर जॉब कार्डवर त्या दिवशीचं मीटर रीडिंग आणि जुनं-नवं टायरचं माप लिहून घ्या. तो कागद गाडीच्या फाइलला कायम राहू द्या.

दुसऱ्या मेकॅनिकने सांगितलेली डबीही खोटी वस्तू नाही. सेन्सरकडून येणारे ठोके ती मोजते आणि ठरवलेल्या टक्क्याने वाढवून पुढे पाठवते. तुमच्या गाडीत ती सहा-साडेसहा टक्के वाढवणार. पण ती कुठे बसते यावर सगळं अवलंबून आहे, आणि इथेच बरेच वायरमन घाई करतात. मीटरच्या मागे वायर हाताला सोपी लागते म्हणून तिथेच ती जोडतात. मग काटा बरोबर दिसतो, पण इंजिनच्या कंट्रोल युनिटला आणि स्पीड गव्हर्नरला, म्हणजे ठरलेल्या वेगापुढे गाडी जाऊ न देणाऱ्या यंत्राला, जुनेच ठोके जात राहतात. तुमच्या गाडीचा गव्हर्नर ८० ला लावलेला असेल. २०१५ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ११८ मध्ये झालेल्या बदलानंतर बहुतेक व्यावसायिक गाड्यांना ८० ची मर्यादा आली, आणि टँकर, डंपर, शाळेच्या बससारख्या गाड्यांना ६० ची. तुमचा गव्हर्नर ज्याला ८० समजतो तो वेग आता खरा ८५ आहे. भरलेल्या गाडीला ८५ चा वेग म्हणजे काय ते काकांना विचारा, ते सांगतील. त्यामुळे डबी बसवायचीच तर सेन्सरच्या लगेच पुढे, पहिला फाटा फुटायच्या आधी बसायला हवी, म्हणजे पुढे सगळ्यांना एकच खरा आकडा जाईल. वायर कापून पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड चालणार नाही. मुंबईच्या पावसात गिअरबॉक्सखालचा तसला जोड एक पावसाळाही काढत नाही, आणि सिग्नल तुटला की काटा शून्यावर येतो, गव्हर्नरही आंधळा होतो. पाणी न शिरणारा कनेक्टर हवा. गव्हर्नर सील केलेला असेल तर त्याच्या वायरला कुणालाही हात लावू देऊ नका. तो ज्या कंपनीचा आहे तिच्या अधिकृत माणसाकडून तपासून नवं सर्टिफिकेट घ्या, नाहीतर पुढच्या पासिंगला आरटीओत अडकाल.

ज्यांच्या गाड्या जुन्या, केबलच्या मीटरच्या आहेत त्यांच्यासाठी एवढंच: गिअरबॉक्समधून काळी जाड केबल निघत असेल तर तिच्या टोकाला एक छोटं प्लास्टिकचं दातेरी चाक असतं. त्याचे दात कमी केले की केबल जलद फिरते. १७ दातांच्या जागी १६ दातांचं बसलं तर जवळपास सव्वासहा टक्के वाढ मिळते. मिळालं तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्पेअर पार्टवाल्यांकडे जुनं चाक दाखवून विचारा.

मीटर नव्या कोऱ्या टायरवर लावून घ्यायचं की अर्ध्या झिजलेल्या, असंही तुमच्या मनात येईल. नव्यावरच लावा. टायर गोटा होईपर्यंत त्याचा व्यास सहज दोन-अडीच सेंटिमीटरने कमी होतो, म्हणजे तीन टक्क्यांच्या जवळपास. नव्या टायरला बरोबर लावलेलं मीटर झिजलेल्या टायरला थोडं जास्त दाखवील, आणि जास्त दाखवणं ही सुरक्षित बाजू आहे. त्यामुळेच दशांश चिन्हापुढच्या आकड्यांसाठी मेकॅनिकशी वाद घालण्यात अर्थ नाही.

मीटर मागे-पुढे फिरवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर तिथून निघा. न चढलेले किलोमीटर मीटरमध्ये भरायची गरज नाही. वहीत एक ओळ लिहा: अमुक तारखेला, अमुक रीडिंगला टायर बदलले, अमुक रीडिंगला कॅलिब्रेशन झालं, मधले किलोमीटर १.०६५ ने गुणून धरावेत. ऑइल बदलायची, ग्रीसिंगची तारीख त्याप्रमाणे अलीकडे घ्या. आणि एखाद्या गिऱ्हाइकाकडून किलोमीटरवर भाडं घेत असाल तर या काळात प्रत्येक बिलात सहा टक्के कमी लावलेत, तेही तपासून बघा. तुमचा खरा तोटा कुठे झाला असेल तर तो तिथे.

आता टायरबद्दल, आणि इथे मला स्पष्ट बोलायचंय. ८.२५ घातल्याने गाडी जास्त भार झेलेल हे टायरवाल्याचं म्हणणं अर्धवट आहे. टायर झेलेल. पण पाटे, एक्सल, ब्रेक आणि चेसिस तेच आहेत. मोटार वाहन कायद्याच्याच कलम ५८ प्रमाणे व्यावसायिक गाडीच्या नोंदणीत टायरांची संख्या, प्रकार आणि माप लिहिलेलं असतं आणि त्याच्याशीच गाडीचं एकूण वजन व एक्सलवरचं वजन बांधलेलं असतं. टायर बदलल्याने आरसीवरचं वजन एक किलोनेही वाढत नाही. त्या भरवशावर माल चढवलात तर कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे. चाक मोठं झालं की ब्रेकची जमिनीवरची पकड तेवढ्याच प्रमाणात कमी होते, सहा टक्क्यांच्या आसपास. ओढही तेवढीच घटते. बोरघाट चढताना काकांना पूर्वीपेक्षा एक गिअर खाली घ्यावा लागतोय का, क्लच लवकर तापतोय का, हे त्यांना विचारलंत का? अ‍ॅव्हरेजवर याचाही थोडा परिणाम होऊ शकतो, म्हणून मीटर दुरुस्त झाल्यावर अगदी ८.० च येईल असं धरून बसू नका. ७.८ किंवा ८.१ आलं तरी ते ठीक आहे.

आणखी दोन ठिकाणी वाकून बघा. मागच्या जोडीच्या दोन टायरांमध्ये, जिथे भार पडून ते खाली फुगतात तिथे, बोट सहज जातंय का? ८.२५ रुंद असतो, आणि जुन्या रिमवर जोडीतले टायर एकमेकांना घासू शकतात. घासले तर आतून तापतात आणि भर रस्त्यात फुटतात. जागा कमी दिसली तर गाडी त्याच दिवशी उभी करा. तसंच रिमवर कोरलेलं माप ८.२५ ला चालतं का ते टायर कंपनीच्या डीलरकडून तपासा, कारण ८.२५ ला ७.५० पेक्षा रुंद रिम लागते. आणि ती जुन्या मापाची स्टेपनी जोडीत कधीही चढवू नका. मोठ्या टायरशेजारी लहान बसला की सगळा भार मोठ्यावर येतो आणि लहान नुसता घासत जातो. पंक्चर झालंच तर पुढचं चाक मागे घ्या, स्टेपनी पुढे लावा आणि हळू चालवत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच न्या.

माझं मत विचाराल तर: तुमच्या मॉडेलला कंपनीने ८.२५-१६ मान्य केलेलं असेल, तर आरटीओत आरसीवर टायरचं नवं माप नोंदवून घ्या, मीटर आणि गव्हर्नर कॅलिब्रेट करा आणि निर्धास्त चालवा. मान्य नसेल तर सहाही टायर विकून पुन्हा ७.५०-१६ वर या. दोन-तीन महिनेच चाललेल्या टायरांना बरी किंमत येते. अपघात झाला आणि आरसीवर एक माप, गाडीला दुसरं असं सापडलं, तर विमा कंपनीसमोर तुमची बाजू लंगडी पडेल. मीटरमध्ये डबी बसवून ही अडचण सुटत नाही.

काकांबद्दल सगळ्यात शेवटी लिहितोय, पण करायचं सगळ्यात आधी आहे. सुतळीचं माप घेताना त्यांना बोलवा. सुतळीचं दुसरं टोक त्यांच्या हातात द्या, हिशेब त्यांच्यासमोरच वहीत करा. जो माणूस रोज त्या काट्यासमोर बसतो त्याला आधीपासून जाणवत असणार की गाडी काट्यापेक्षा पुढे पळतेय, फक्त ते आकड्यांत सांगता येत नसेल. त्यानंतर कापलेले सगळे पैसे परत द्या, पुढच्या पगारात मिळवून न देता वेगळे, आणि चूक झाली असं स्वतःच्या तोंडाने सांगा. घरातल्या थोरांना सांगायला लावू नका. वडील हयात असतील तर त्यांच्यासमोर सांगा, कारण चोरीचा आळ घरात कानोकान पोचलेला असतो आणि तो उतरवायचाही तिथेच लागतो. ज्या क्लीनरच्या किंवा पंपवाल्याच्या देखत तुम्ही डिझेलवरून बोललात, त्यांच्या देखतही एकदा स्पष्ट सांगा.

पुढे डिझेलचा हिशेब टाकी ते टाकी ठेवा. एकाच पंपावर टाकी काठोकाठ भरायची, रीडिंग लिहायचं, पुढच्या वेळी पुन्हा काठोकाठ भरून जितके लिटर लागले त्याने किलोमीटर भागायचे. वही गाडीतच ठेवा, काकांना आणि तुम्हाला दोघांनाही दिसेल अशी. बंदराबाहेर किंवा गोदामाच्या फाटकावर इंजिन चालू ठेवून किती वेळ उभं राहावं लागलं, तेही त्यात त्यांना लिहू द्या. त्या उभं राहण्यातही डिझेल जातं आणि ते किलोमीटरवर दिसत नाही.

कॅलिब्रेशननंतरही महिनाभर अ‍ॅव्हरेज साडेसातच्या खालीच राहिलं तर मला पुन्हा लिहा. लिहिताना टायरमधली हवा, चारही कोपऱ्यांच्या ड्रमला फेरी संपल्यावर हात जवळ नेऊन जाणवणारी उष्णता, आणि शेवटचा डिझेल फिल्टर व एअर फिल्टर कधी बदलला ते कळवा. एखादं ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर ब्रेक धरून बसलाय, आणि मग शोध तिथून सुरू करू.